सारसोळे : जुने नकाशे आणि कुलशोध

ज्या गावाचे नाव राजकीय इतिहासात क्वचितच येते, त्याचा पूर्ववृत्तांत शोधताना बखरी व ताम्रपट बहुधा मुके ठरतात. ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरील सारसोळे हे आगरी-कोळ्यांचे गाव याच वर्गातील होय. आज ते नवी मुंबईच्या नेरूळ भागात सामावले असून गाव व खाडी यांच्या मधून पाम बीच मार्ग गेला आहे. अशा गावाच्या पूर्वरूपाचा शोध घेण्यास जुने नकाशे हे महत्त्वाचे साधन ठरते.

मुंबई इलाख्यात पुढे रूढ झालेल्या जमीन-मोजणीच्या पद्धतीचा आरंभ गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात 1836 मध्ये केला. मोजणीची साखळी 33 फुटी असे. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा व 40 गुंठ्यांचा एक एकर. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळे. गावनकाशात त्या शेताचे स्थान व आकृती दिसे, तर आकारबंदात त्याचे क्षेत्र व सारा नमूद होई. 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाल्यावर खातेदारांतील फेरबदलही नोंदले जाऊ लागले.

कुलशोध करणाऱ्याने या साधनांचा क्रम उलटा लावावयास हवा. सात-बाऱ्यावरील नंबर धरून जुन्या फेरफारांकडे गेल्यास वारसनोंदींतून पिता, पितामह अशी मालिका हाती येते. जन्ममृत्यूच्या जुन्या कोतवाल-नोंदींशी ती ताडून पाहता येते. त्यानंतर नकाशा उघडावा. लगतच्या पोटहिश्शांचे धारक एकाच मूळ खातेदारापर्यंत पोहोचत असतील, तर भाऊबंदांतील वाटणीचे अनुमान बळकट होते. मात्र केवळ शेजार हा रक्तसंबंधाचा पुरावा नव्हे. खरेदीनेही शेत लगतचे होऊ शकते.

खाडीकाठच्या गावनकाशांत वाचण्याजोगे आणखी पुष्कळ असते. भरतीचे पाणी अडविणारे बांध, पाणी सोडण्याच्या उघाड्या, खाजणातील भातखाचरे व मिठागरे यांवरून जमीन समुद्रापासून श्रमाने मिळविली गेली हे कळते. परंतु येथेच या साधनाची मर्यादाही उघड होते. महसुली नकाशा साऱ्यासाठी तयार झाला. ज्या पाण्यावर सारा नाही, त्यास नंबर नाही. त्यामुळे आगरी शेतकऱ्याचे कुळ नकाशात सापडते. खाडीत डोल लावून उपजीविका करणारा भूमिहीन कोळी मात्र सापडत नाही. त्याच्यासाठी कोळीवाड्यातील वृद्धांच्या स्मरणातील मासेमारीच्या जागांची व खाडीतील देवस्थानांची नावे गोळा करणे अवश्य आहे. नकाशावरील कोरी जागा म्हणजे इतिहासाचा अभाव, असे मानणे चूक होय.

1970 मध्ये सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहराच्या योजनेखाली आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी 1984 च्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्याचे फलित म्हणून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. शेते सेक्टरांत विलीन झाली, पण भूखंडाचा अधिकार जुन्या सर्व्हे नंबरावरूनच सिद्ध करावा लागला. गावठाणास मात्र असा नंबर नसे. नकाशात त्याची केवळ सीमा दाखविली जाई. कुटुंबे वाढून घरे त्या सीमेबाहेर गेली आणि ती अधिकृत की अनधिकृत, हा वाद उभा राहिला.

तात्पर्य, सारसोळ्यासारख्या गावी जुना नकाशा हा केवळ गतकाळाचा अवशेष नाही. त्यातील रेषा वंशाची साक्ष देते व वारसाचा हक्कही ठरविते. म्हणूनच त्याचे वाचन नोंदी व मौखिक परंपरा यांच्या जोडीने, आणि स्मरण ठेवणारी पिढी हयात असतानाच, व्हावयास हवे.