पांढऱ्या काठीची वाट

श्रोतेहो, सावेडीतल्या घरातून निघून मनमाड रस्त्याला लागायला डोळस माणसाला कितीसा वेळ लागतो? पण ज्याला दिसत नाही, त्याची परीक्षा घराच्या उंबऱ्यापासूनच सुरू होते. त्याला एकट्याने चालता यावे म्हणून काय काय खटपट झाली, ते आज पाहू.

अमेरिकन मराठी मिशनचे काम आपल्या नगरात १८३१ पासूनचे. त्याच मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनी १९०० साली मुंबईत अंधशाळा काढली. पुण्यात अशी शाळा १९३४ साली निघाली. अंध मूल शिकू शकते, हे लोकांना पटले. पण त्याने शाळेपर्यंत एकट्याने जायचे कसे?

इंग्लंडात ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांची दृष्टी अपघातात गेली. गाडीवाल्यांना आपण दिसावे म्हणून १९२१ साली त्यांनी आपली काठी पांढरी रंगवली. अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना लांब काठीची रीत शिकवली: पुढचे पाऊल जिथे पडायचे, तिथे आधी काठीचे टोक. जपानात ओकायामा शहरी १९६७ साली पायाला कळतील अशा उठावाच्या फरश्या रस्त्यात बसल्या. दिल्लीच्या आयआयटीने २०१४ साली अशी काठी आणली, की गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा ती थरथरून कळवते.

आता मोबाईल आला. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह त्याला जागा सांगतात. पण स्लॅबखाली, इस्पितळाच्या व्हरांड्यात तो क्षीण संदेश नीट पोचत नाही. म्हणून काही इमारतींत भिंतींवर लहान बिनतारी यंत्रे लावतात. कुठल्या यंत्राचा संदेश किती जोरात येतो, यावरून फोन जागेचा अंदाज बांधतो.

पण मंडळी, एक गोष्ट ध्यानात घ्या. बिग्जसाहेबांच्या काठीचा पांढरा रंग अंधासाठी नव्हताच. तो बघणाऱ्यांसाठी होता. त्याने गाडी थांबवली, तरच रंगाचा उपयोग. उठावाच्या फरशीवर स्कूटर लावली, की फरशी फुकट. व्हरांड्यात कोणी बादली ठेवली, तर भिंतीवरच्या यंत्राला त्याचा काय पत्ता?

तेव्हा घरातली वाट मोकळी ठेवणे आपल्याच हाती आहे. दार एक तर पुरते उघडे, नाही तर पुरते बंद असावे. आणि गुरुजी, वर्गात असे मूल असेल, तर बाक हलवलात की आधी त्याला सांगा.