खालचा आकडा

तर झालं असं, की दरवर्षीप्रमाणे आमच्या हापिसात आरोग्य तपासणीचा कॅम्प लागला. कॅफेटेरियाशेजारच्या ट्रेनिंग रूममध्ये दोन टेबलं, चार खुर्च्या, एक हिरवा पडदा, आणि रक्त देऊन आलेल्याला फुकट पोहे. आमची टीम मुख्यतः पोह्यांसाठीच गेली होती. सिस्टरनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. मग म्हणाल्या, "पाच मिनिटं शांत बसा, परत बघू." तिसऱ्यांदा बघून त्यांनी कागदावर लिहिलं, १४८/९६.

"कधीपासून आहे?"

"काय कधीपासून आहे?"

"बीपी."

आपल्याकडे ही एक गंमतच आहे. 'त्यांना बीपी आहे' असं आपण म्हणतो, जणू बाकीच्यांना ते नसतंच! (ज्याला खरोखरच नाही, त्याला चार खांदेकरी लागतात.) मी हा विनोद सिस्टरना ऐकवला. त्या हसल्या नाहीत.

शनिवारी साताऱ्याला घरी गेलो आणि आईला आकडा सांगितला. "तुझ्या वयात कुठे असतं बीपी? जागरणं कमी कर." बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "काही त्रास होतोय का? नाही ना? मग झालं." बाबा ६२ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. त्यांनी स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं, हे त्यांनाही आठवत नाही. आणि ह्याच घरात १९८९ साली आजोबांच्या अंगावरून वारं गेलं. वय ५८. सकाळी आंघोळीचं पाणी काढताना पडले, तिसऱ्या दिवशी गेले. घरात ही गोष्ट नेहमी एकाच वाक्याने संपते: "काही म्हणजे काही त्रास नव्हता हो त्यांना."

रविवारभर ह्या वाक्यानेच माझं डोकं खाल्लं. आम्ही ज्या सिस्टिम्स सांभाळतो तिथे युजरची तक्रार येईपर्यंत थांबायचं नसतं. मेमरी भरत चालली की अलर्ट येतो, आपण रात्री दोनला उठून शिव्या घालत बघतो. माणसाच्या बाबतीत हे कधी सुरू झालं? म्हणजे, ज्याला काहीच होत नाहीये त्यालाही मोजायचं, हे डॉक्टरांना कधी सुचलं? शोधायला बसलो, आणि निघालं काहीतरी भलतंच.

सुरुवात एका बड्या माणसापासून करू. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९३७ साली त्यांचं बीपी होतं १६२/९८. १९४१ मध्ये १८८/१०५. हे आकडे मोजलेले होते, लिहिलेले होते, आणि कोणीही काहीही केलं नाही. त्यांचे खासगी डॉक्टर रॉस मॅकइंटायर हे मुळात नाक-कान-घशाचे डॉक्टर. अखेर मार्च १९४४ मध्ये, अध्यक्ष फारच थकलेले दिसतात म्हणून, हॉवर्ड ब्रुएन ह्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाला बोलावलं. १८६/१०८, हृदय मोठं झालेलं आणि निकामी व्हायला लागलेलं. ब्रुएननी डिजिटॅलिस दिलं, मीठ कमी केलं, सिगारेटी कमी केल्या, विश्रांती सांगितली. त्यापलीकडे फारसं काही हातात नव्हतं.

ह्याच तब्येतीनिशी रूझवेल्ट चौथ्यांदा निवडणूक जिंकले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये स्टॅलिन-चर्चिलबरोबर याल्टाला जाऊन बसले. १२ एप्रिल १९४५ ला, चित्रकार समोर बसून त्यांचं पोर्ट्रेट काढत असताना, डोकं प्रचंड दुखायला लागलं आणि ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव. त्यानंतर मोजलेलं बीपी ३००/१९० च्या वर होतं. मॅकइंटायर म्हणाले, हे अगदी अचानक झालं! आठ वर्षांचे लॉग समोर असताना 'अचानक'... आमच्याकडे असा रूट कॉज अॅनालिसिस दिला असता तर मॅनेजरने तो तोंडावर फेकला असता.

ब्रुएननी १९७० मध्ये हे सगळं एका लेखात लिहिलं. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. ते जवळजवळ रोज तपासायला जायचे, पण अध्यक्षांनी त्यांना एकदाही विचारलं नाही, की हे कशासाठी चाललंय, आणि ही औषधं कसली आहेत.

पण सगळा दोष मॅकइंटायरच्या माथी मारणं बरोबर नाही. मोजायचं यंत्र तेव्हा नवीन नव्हतं. दंडाला पट्टा बांधून मोजायची युक्ती इटलीतल्या रिवा-रोच्ची ह्यांची, १८९६ ची. स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा असे दोन आकडे ऐकायची युक्ती रशियन सर्जन निकोलाय कोरोत्कोव्ह ह्यांची, १९०५ ची. (त्यांचा मूळ निबंध एका पानातही मावेल एवढा आहे. आमच्या डिझाइन डॉक्युमेंटवाल्यांनी शिकण्यासारखं.) वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ते सैल पडतं तेव्हाचा.

अडचण यंत्राची नव्हती, अडचण त्या आकड्याचा अर्थ काय ह्याची होती. तेव्हाची समजूत अशी, की वयानुसार रक्तवाहिन्या कडक होतात, त्यातून रक्त पुढे ढकलायचं तर दाब वाढायलाच हवा. म्हणजे वाढलेला दाब हा रोग नाही, शरीराने काढलेला तोडगा. नावही तसंच पडलं: 'इसेन्शियल' हायपरटेन्शन. आवश्यक! १९३१ साली पॉल डडली व्हाइट ह्यांच्यासारख्या नामवंत हृदयरोगतज्ज्ञाने आपल्या पाठ्यपुस्तकात लिहिलं, की कदाचित ह्या वाढलेल्या दाबाला हात न लावणंच बरं. 'वय अधिक शंभर' हा हिशोब आठवतोय? साठीच्या माणसाला १६० चालतं, सत्तरीला १७०. आमच्या घरात तो अजून चालू आहे.

गंमत म्हणजे ह्या सगळ्यात डॉक्टरांच्या आधी शहाणे झाले ते विमेवाले. नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल ह्या अमेरिकन विमा कंपनीने १९०७ च्या सुमारास अर्जदारांचं बीपी मोजायला सुरुवात केली. ज्यांचं जास्त भरतं ते लवकर जातात आणि कंपनीला भुर्दंड पडतो, हे त्यांच्या वहीत सरळ दिसत होतं. धडधाकट, काही त्रास नसलेली माणसं! 'आवश्यक' वगैरे तत्त्वज्ञान त्यांना परवडणारं नव्हतं. एलआयसीच्या एजंटकाकांकडे मी आता जरा आदराने बघतो.

रूझवेल्ट गेल्यावर तीन वर्षांनी, जून १९४८ मध्ये, अध्यक्ष ट्रुमन ह्यांनी नॅशनल हार्ट अॅक्टवर सही केली. त्यातून पाच लाख डॉलर मिळाले एका विचित्र कामासाठी: बॉस्टनच्या पश्चिमेला असलेल्या फ्रेमिंगहॅम ह्या सुमारे २८ हजार वस्तीच्या गावातली निरोगी माणसं घ्यायची, दर दोन वर्षांनी तपासायची आणि वीस वर्षं वाट बघायची. उपचार करायचे नाहीत, ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. आपण फक्त लिहून ठेवायचं. ३० ते ६२ वयाची ५,२०९ माणसं तयार झाली, आणि त्यात बायका निम्म्याहून जास्त होत्या, जेव्हा हृदयविकार हा पुरुषांचाच मामला समजला जायचा. क्षयाच्या अभ्यासासाठी १९१७ च्या सुमारास ह्याच गावाने आधी एकदा दंड पुढे केला होता, त्यामुळे गावाला सवय असावी! मला ह्या माणसांचं फार कौतुक वाटतं. शास्त्रज्ञांची नावं पुस्तकात येतात. दर दोन वर्षांनी रजा काढून, स्वतःला काहीही होत नसताना जाऊन बसणाऱ्या ५,२०९ लोकांची नाही येत.

१९५७ साली थॉमस डॉबर आणि मंडळींनी पहिल्या चार वर्षांचा हिशोब मांडला. बीपी १६०/९५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार जवळपास चौपट. १९६१ च्या निबंधात विल्यम कॅनेल आणि डॉबर ह्यांनी 'जोखमीचे घटक' ही कल्पना मांडली, म्हणजे आज प्रत्येक रिपोर्टवर असतो तो 'रिस्क फॅक्टर'. मला वाटतं, खरी क्रांती ही. आजारी आणि निरोगी अशा दोनच खोल्या होत्या, त्यांच्यामध्ये एक तिसरी निघाली: आज काही नाही, पण लक्ष ठेवा. १९७१ मध्ये पहिल्यांची मुलं अभ्यासात आली, २००२ पासून नातवंडं.

पण थांबा. बीपी जास्त असलेले लवकर जातात, एवढ्यावरून बीपी उतरवलं की ते वाचतील असं सिद्ध होत नाही. (टीममधल्या डेटावाल्यांनो, माना डोलवा.) त्यासाठी उतरवणारं औषध हवं. आणि इथे ही गोष्ट अचानक परळला येते.

कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ सालीच लिहिलं होतं, की सर्पगंधेच्या मुळीने वेड शांत होतं आणि रक्तदाबही उतरतो. बाहेर कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ही मुळी आपल्या रुग्णांना देत होते. केईएममधल्या ५० रुग्णांच्या नोंदी घेऊन त्यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला, आणि आता मात्र जग दचकलं. बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स ह्यांनी मुळी मागवून वापरून बघितली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. १९५७ साली डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. मी आठवी ते बारावी शास्त्राच्या पुस्तकात हे नाव एकदाही वाचल्याचं आठवत नाही. असो.

आता शेवटचा तुकडा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत एडवर्ड फ्राइस ह्यांनी १४३ पुरुष घेतले, खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एकाला खऱ्या गोळ्या, दुसऱ्याला दिसायला तशाच पण पोकळ. खऱ्या गोळ्यांमध्ये तीन औषधं होती आणि त्यातलं एक रिसर्पिन. १९६७ मध्ये निकाल आला. पोकळ गोळ्यांच्या गटात गंभीर घटना २७, खऱ्या गोळ्यांच्या गटात २. आकडे इतके उघड होते, की प्रयोग वेळेआधीच थांबवावा लागला. रिसर्पिन आता क्वचितच वापरतात, त्याहून चांगली औषधं आली. पण 'मोजा आणि उतरवा' हे सिद्ध करणाऱ्या त्या गोळीत आपली सर्पगंधा होती.

१९६७. आजोबा पडले १९८९ मध्ये. मध्ये बावीस वर्षं. पट्टा होता, गोळ्या होत्या, गावात डॉक्टरही होते. कोणी मोजलं नाही, कारण काही त्रास नव्हता.

आईचा 'तुझ्या वयात' आणि बाबांचा 'वय अधिक शंभर', दोन्हींचीही उत्तरं मिळाली. १९८५-८६ मध्ये अमेरिकेतल्या चार शहरांत १८ ते ३० वयाच्या ५,११५ तरुणांचा एक अभ्यास सुरू झाला. चाळिशीच्या आत ज्यांचं बीपी वाढलेलं होतं, त्यांना पुढे हृदयविकार-पक्षाघात जास्त झाले, असं त्याचा २०१८ चा अहवाल सांगतो. दुसऱ्या टोकाला, १९९१ च्या एका चाचणीत साठीपुढच्या ४,७३६ लोकांचा फक्त वरचा आकडा वाढलेला होता. तो उतरवला तर पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००८ मध्ये ऐंशीपुढच्या लोकांतही फायदा दिसला. म्हणजे मोजायचं काही 'योग्य वय' असं नाहीच. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के बायकांत बीपी वाढलेलं किंवा त्यासाठी गोळ्या चालू असलेल्या सापडल्या. आमच्या मजल्यावर शंभर जण बसतात. मी मनातल्या मनात मोजायला लागलो आणि थांबलो.

ह्याचा अर्थ ते बहात्तर टेस्टवालं 'एक्झिक्युटिव्ह' पॅकेज घ्या असा नाही हं. सरसकट सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या केल्याने मृत्यू कमी होत नाहीत, असं अडीच लाख लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये दिसलं. बीपीचं तसं नाही. दोन मिनिटं लागतात, रक्त नाही, उपाशी राहणं नाही. माझे फॅमिली डॉक्टर म्हणाले, एका आकड्यावर गोळी नाही. आठवडाभर घरी मोजून लिहून आण, पाठ टेकून, पाय खाली, आधी पाच मिनिटं गप्प. आणि लोणचं-पापड बंद. (हे सगळ्यात अवघड.)

म्हणून मागच्या शनिवारी मशीन घेऊनच साताऱ्याला गेलो. आधी माझं मोजलं, १३८/९०. मग आईचं, १२४/७८, त्यावर ती दिवसभर खूश. बाबा म्हणाले, "मला काही त्रास नाहीये." मी म्हणालो, "बाबा, आजोबांनाही नव्हता." म्हणायला नको होतं. ते काही बोलले नाहीत. पेपराची घडी घातली, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

१६४/९८. पाच मिनिटांनी परत, १६२/९८. हुबेहूब १९३७ चे रूझवेल्ट. हे मी त्यांना सांगितलं नाही.

बाबांनी चष्मा लावून बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाले, "वरचा कळला. हा खालचा म्हणजे काय रे?"

मी खुर्ची जवळ ओढली.