वयाचा दाखला

गावाकडच्या सत्तरीपुढच्या माणसांच्या जन्मतारखा चाळल्या तर कितीतरी जणांचा जन्म १ जूनचा निघतो. शाळा जूनमध्ये उघडे. पोराला हाताला धरून आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे आणि गुरुजींना रजिस्टरातला रकाना रिकामा ठेवता येत नसे. मग पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती लागला की पोर सहाचं झालं, जन्म १ जून. माझे वडील असेच जन्मले. आजी सांगायची, ते झाले तेव्हा भाताची झोडणी चालली होती, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे. नोकरीतून निवृत्त मात्र ते ३१ मेला झाले.

अंग बघून वय ठरवायचं आणि ते कागदावर पक्कं करायचं, या रीतीचं कूळ शोधत गेलं की शाळेच्याही आधी कापडगिरणी लागते. पोरांना गिरणीपासून वाचवायचं तर आधी पोर कोणाला म्हणायचं हे ठरवावं लागलं.

सुरुवात इंग्लंडात झाली. १८०२ साली थोरल्या रॉबर्ट पीलने अनाथालयांतून गिरण्यांत आलेल्या शिकाऊ पोरांसाठी बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा करून घेतला. पील स्वतःच गिरणीमालक. १८१९च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या पोरांना कापसाच्या गिरणीत बंदी केली, पण ते नऊ वर्षं बघणार कोण? निरीक्षक नेमले गेले ते १८३३ साली, आणि तेही अख्ख्या देशाला चार. जन्माची सरकारी नोंद नव्हतीच. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची तारीख असे, पण तो कधी महिन्याने होई, कधी वर्षांनी. म्हणून कायद्याने डॉक्टरवर सोपवलं: नऊ वर्षांच्या पोराला साधारणपणे असते तेवढी ताकद आणि तसं रूप या पोराला आहे, एवढं त्याने लिहून द्यायचं. पोराचा जन्म कधीचा, हे त्यात येतच नव्हतं.

हे फारच सैल होतं. उंची मोजून पाहिली, पण भुकेली पोरं खुरटी राहतात आणि खात्यापित्या घरची लवकर वाढतात. १८३७ साली एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने पुस्तिका छापून पार्लमेंटला सांगितलं की उंची सोडा, तोंड उघडायला लावा. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुसरी बाराव्या. बैलबाजारात आपल्याकडे हेच चालतं. दात बघितल्याशिवाय बैलाच्या वयावर कोणी विश्वास ठेवत नाही. मालकाच्या शब्दावर तर नाहीच. त्याच वर्षी जुलैपासून इंग्लंडात जन्माची नोंद सुरू झाली, पण ती नोंदलेली बाळं कामाच्या वयाला येईपर्यंत दातांवरच भागवावं लागणार होतं.

मुंबईत कावसजी नानाभाई दावरांची गिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली आणि वीस वर्षांत भोंगे वाढत गेले. सूत काढण्याच्या खात्यात पोरं लागत ती भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावायला आणि तुटलेला धागा जोडायला. ताकदीचं काम नव्हे, चपळाईचं. कोकणातून, घाटावरून आलेलं कुटुंब गिरणीत शिरे ते जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने, आणि बापापाठोपाठ पोरही शिरे.

१८७५ साली सरकारने मुंबईत चौकशी आयोग नेमला. त्याच्या बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. गरज वाटली ती सोराबजी शापुरजी बंगालींना. नाव बंगाली, माणूस मुंबईचा पारशी. १८७८ साली त्यांनी स्वतः विधेयकाचा मसुदा केला. मुंबई सरकारने तो मांडू दिला नाही. बंगालींनी तो विलायतेला धाडला आणि तिथे तो उचलला गेला. उचलणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीवाले पुढे होते. मुंबईचं सूत त्यांच्या पोटावर येत होतं, आणि मुंबईचे तास कमी झाले तर त्यांना हवंच होतं. आपल्याकडची बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रं या कायद्याच्या विरोधात गेली ती याच कारणाने. लँकेशायरला मुंबईच्या पोरांचा पुळका अचानक आला, हा त्यांचा टोमणा रास्त होता. पण संध्याकाळी बॉबिनी काढता काढता पेंगणाऱ्या पोराला आपली सुटका कोणाच्या स्वार्थातून होते आहे याच्याशी काही कर्तव्य असेल, असं मला वाटत नाही.

१८८१चा कायदा आला. सात वर्षांखालच्या पोराला बंदी, सात ते बारा वर्षांच्या पोराला नऊ तास, मध्ये एक तास सुट्टी, महिन्याला चार रजा. लागू कुठे, तर यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर माणसं असणाऱ्या कारखान्यांना. वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे सुटले, चहाकॉफीचे मळे सुटले. आणि सात वर्षं मोजायची कशी? आईला विचारलं तर ती म्हणणार, दुष्काळ पडला तेव्हा हा रांगत होता. दुष्काळ १८७६चा. म्हणजे पोर पाचाचं की सहाचं, आणि आईला सात सांगण्यात फायदा असेल तर सातचं.

तो फायदा विसरून या कायद्याचा इतिहास लिहिता येत नाही. १८८४ साली ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, इजा झाल्यास बरं होईपर्यंत पगार. मागण्या पाच, आणि पोरांविषयी त्यांत वेगळी एकही नाही. लोखंड्यांना पोरं दिसत नव्हती असं कोण म्हणेल? पण ज्या घराचा महिना पोराच्या पगाराने पुरा होतो, त्या घराला ‘पोराला घरी ठेवा’ हे सांगायला आधी बापाचा पगार पुरा पडायला हवा.

१८९१ साली सातचे नऊ झाले, चौदापर्यंतच्या पोराला दिवसाला सातच तास ठरले. इथून गिरण्यांत ‘हाफ टायमर’ पक्का झाला. एक पोर सकाळी सात तास, दुसरं दुपारनंतर सात तास. यंत्र चौदा तास चालू. १९११ साली कापडगिरण्यांत मोठ्या पुरुषांचे तास बारा झाले आणि पोरांचे सहा. सहा दुणे बारा. मला हा आकडा डॉक्टरी वाटत नाही. पोराला झेपेल किती, यापेक्षा दोन पोरांत यंत्राचा दिवस बसेल कसा, हे त्यात जास्त दिसतं.

आणि पोरं हुशार, किंवा घरं गरजू. सकाळी एका गिरणीत अर्धा दिवस, मग दुसऱ्या दाखल्यावर दुसऱ्या गिरणीत अर्धा दिवस. दाखला वयाचा आणि तब्येतीचा. फोटो नाही, डॉक्टर वेगळा. दोन अर्ध्या पोरांचं एक पूर्ण पोर व्हायचं. याचा मागमूस कायद्यात कितीतरी काळ राहिला. १९४८च्या कारखाने कायद्यात, एका कारखान्यात काम केलेल्या मुलाला त्याच दिवशी दुसऱ्यात घेऊ नये, असं स्वतंत्र कलम होतं. दुहेरी कामाला पाठवणाऱ्या पालकाला दंड होता, खोटा दाखला वापरणाऱ्याला शिक्षा होती आणि कामावर असताना मुलाने दाखल्याचा क्रमांक असलेला बिल्ला जवळ बाळगायचा होता. असं कलम कोणी कल्पनेने लिहीत नाही.

किमान वयाची मधली चढण भराभर झाली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने जगासाठी चौदा वर्षं ठरवली, हिंदुस्थानासाठी बारा. त्याप्रमाणे इथे १९२२ साली बारा झाले. १९४८ साली चौदा, आणि १९५०च्या राज्यघटनेत कलम २४ने कारखाने, खाणी आणि धोक्याची कामं यांना तेच चौदा बांधून टाकले. घरकाम आणि ढाबे त्यातून सुटले होते. त्यांची पाळी २००६ साली आली. २०१६ साली चौदाखाली सरसकट बंदी आली, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावायला सवलत राहिली. घरचा धंदा कुठे संपतो आणि कारखाना कुठे सुरू होतो, हे माळ्यावर जरीकाम करणाऱ्या पोराला विचारावं.

आज जरीच्या किंवा बॅगांच्या कारखान्यावर धाड पडते तेव्हा पोरं पढवल्यासारखं ‘अठरा’ म्हणतात. बालन्याय कायद्याचा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला, नसल्यास महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, आणि दोन्ही नसल्यास डॉक्टरी तपासणी. शाळेच्या दाखल्यावर १ जून असला तरी चालतो. काहीच नसलं तर पोराच्या मनगटाचा एक्सरे काढतात, हाडांची टोकं जुळली आहेत का ते बघायला, आणि तोंड उघडायला सांगून दाढा मोजतात. या तपासणीत दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच मानलं आहे. त्यामुळे डॉक्टर एक आकडा लिहीत नाहीत. ‘तेरा ते पंधरा’ लिहितात आणि खाली सही करतात.