पडद्याच्या पुढचे आणि मागचे

ख्रिसमसच्या सुट्टीतली न्यूयॉर्क-लंडनची तिकिटं शोधणाऱ्यांना एक गंमत वर्षानुवर्षं दिसत आली आहे. मागच्या इकॉनॉमीचे भाव भडकलेले, आणि पुढच्या बिझनेस क्लासचे मात्र एरवीपेक्षा उतरलेले! सगळं जग प्रवासाला निघालेलं असताना साधी सीट महाग आणि आलिशान सीट स्वस्त? वाटतं, कुणीतरी प्रोग्रॅममध्ये घोळ घातलाय. पण हा बग नाही, फीचर आहे :) आणि त्याला पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे.

१९७२ साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या (पुढे हीच ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली) केन लिटलवुड यांनी एक नियम मांडला. समजा पूर्ण तिकीट १०० पौंडांचं आणि सवलतीचं ६० चं. सवलतवाला आज दारात उभा आहे. त्याला सीट द्यायची, की उद्या कदाचित येणाऱ्या १०० वाल्यासाठी राखायची? तो येण्याची शक्यता ६०% हून जास्त असेल तर राखा, नाहीतर विकून मोकळे व्हा. बस्स, एवढंच! कोडची एक ओळ.

अमेरिकेत तेव्हा भाडी सरकार ठरवायचं, त्यामुळे या ओळीला फारसा वाव नव्हता. १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने 'सुपर सेव्हर' हे आगाऊ बुकिंगचं स्वस्त तिकीट काढलं आणि १९७८ च्या कायद्याने भाडी मोकळी केली. आता एकाच इकॉनॉमीत स्वस्त तिकीटवाला पर्यटक आणि शेजारी पूर्ण पैसे मोजलेला साहेब, अशी जोडी बसू लागली. साहेब कुरकुरणारच! मग त्यांच्यासाठी वेगळा भाग काढला गेला. पॅन अॅमचा 'क्लिपर क्लास' त्याच काळातला. थोडक्यात, बिझनेस क्लासचा पडदा आला तोच मुळी तिकिटांच्या दोन भावांमुळे. आरामदायी खुर्च्या नंतर आल्या.

या ओळीची खरी ताकद दिसली १९८५ मध्ये. पीपल एक्सप्रेस नावाची कंपनी १९८१ पासून नेवार्कहून अत्यंत स्वस्तात विमानं उडवत होती. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकनने तिच्या तोडीची भाडी जाहीर केली, पण मोजक्याच सीट्सना, आणि आगाऊ बुकिंगच्या अटीवर. किती सीट्स स्वस्तात सोडायच्या हे त्यांचं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्लाइटगणिक ठरवत होतं. पीपल एक्सप्रेसकडे तसलं काही नव्हतं. घाईचा विस्तार आणि फ्रंटियर कंपनीची खरेदीही तिला भोवली. १९८६ मध्ये ती विकली गेली आणि १९८७ मध्ये तिचं नावही पुसलं गेलं.

आता पुन्हा ख्रिसमसकडे येऊ. नियम तोच, बदलते फक्त शक्यता. ऑफिसं बंद, म्हणजे कंपनीच्या खर्चाने फिरणारा साहेब घरी. पुढच्या केबिनमध्ये शेवटच्या क्षणी कोणी येणार नाही हे सिस्टिमला ठाऊक असतं, म्हणून ती तिथले सवलतीचे क्लास उघडते. मागे उलटं. सगळ्यांनाच घरी जायचंय, तेव्हा स्वस्त क्लास बंद होतात आणि उरतात फक्त महागडे. दोन्ही केबिनचा हिशेब वेगवेगळा चालतो, म्हणून त्यांच्यातलं अंतर कमी होतं. युरोपातल्या छोट्या फ्लाइट्सवर तर पडदाच सरकतो! सीट्स त्याच, बिझनेसमध्ये मधली रिकामी ठेवायची. साहेब कमी असले की पडदा पुढे, जास्त असले की मागे.

हुशारी आहेच, पण तिची किंमत कोण मोजतं? तर ज्याला तारीख बदलता येत नाही तो. न्यू जर्सीहून डिसेंबरात पुण्याला येणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचंच बघा ना. मुलांच्या शाळेची सुट्टी ठरलेली, आई-बाबा वाट बघतायत. बिझनेस क्लास उतरला तरी तो इकॉनॉमीच्या कितीतरी वर, मग चौघांना त्याचा काय उपयोग? सिस्टिमला त्यांची ओढ दिसत नाही. तिला दिसतं एवढंच, की हे गिऱ्हाईक भाव वाढला तरी जाणार नाही.

कोव्हिडनंतर अजून एक बदल झाला. सुट्टीवर निघालेले लोक स्वतःच्या खिशातून पुढच्या सीट्स घेऊ लागले. त्यामुळे सुट्टीतली ती उतरंड आता पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही.

असो. पुढच्या सुट्टीचं बुकिंग करताना दोन्ही केबिनचे भाव शेजारी ठेवून बघा. एकटे असाल आणि तारीख हातात असेल, तर कधीतरी लॉटरी लागते. चौघं असाल, तर शाळेचं वेळापत्रक आलं की लगेच तिकिटं काढा. स्वस्त क्लास उघडे असतात ते तेव्हाच.