समर्पणपत्र आणि रक्ताची साक्ष

मद्रास येथे १८४९ साली रासायनिक परीक्षकाचे खाते सुरू झाले. विषप्रयोगाच्या खटल्यांत उपयोगी पडणारी, भारतातील ही अशी पहिली सरकारी प्रयोगशाळा. मात्र अपत्य कोणाचे, या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर शास्त्राला त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे देता आले नाही. तोवर प्रशासनाच्या दृष्टीने नाते म्हणजे कागद. आणि खरे सांगायचे तर आजही बव्हंशी तसेच आहे.

या कागदाचे मोल चेन्नईतील एका प्रकरणाने दाखवून दिले. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले आणि १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. जन्मदात्यांचे समर्पणपत्र, संस्थेचा अहवाल, न्यायालयाची अनुमती अशी साखळी होती. परंतु पहिलीच कडी खोटी असेल, तर पुढचा प्रत्येक अधिकारी प्रामाणिकपणे असत्यावर शिक्कामोर्तब करीत जातो. २००५ मध्ये चेन्नई पोलिसांच्या तपासातून आरोप पुढे आला, तो नेमका हाच: वस्त्यांतून पळविलेली मुले बनावट कागदांच्या आधारे मलेशियन सोशल सर्व्हिसेस या संस्थेमार्फत परदेशी गेली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. मूल हरविल्याची तक्रार आणि त्याच मुलाचे दत्तकपत्र एकाच शहरात, वेगवेगळ्या कपाटांत असावे, हे मला सर्वांत अस्वस्थ करते.

१९९९ मध्ये मुलगा गमावलेले एक जोडपे नेदरलँड्सच्या न्यायालयापर्यंत पोहोचले. मागणी एवढीच, की जनुकीय चाचणी व्हावी. २०१० मध्ये न्यायालयाने तसा आदेश देण्यास नकार दिला. लहान मुलाच्या मनाचा विचार मी समजू शकतो. आईबापांच्या बाजूने पाहता तो निर्णय पचत नाही.

त्या पिढीतील दत्तक मुले आता सज्ञान झाली आहेत. चाचणी करावी की नाही, हे त्यांचे त्यांनीच ठरवायचे. लाळेचा नमुना पाठवून दूरचे चुलत-मावस नातेवाईक शोधण्याच्या याच पद्धतीने २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील जुन्या खूनसत्राचा आरोपी सापडला. पण त्या संग्रहांत मुख्यतः पैसे मोजून चाचणी करणारे लोक असतात. बाजार ज्यांची गणना करीत नाही, अशा पुळियान्तोपसारख्या वस्तीतील आई तेथे कोठून असणार? शिवाय तमिळ समाजात मामा-भाची आणि आते-मामे भावंडांचे विवाह पिढ्यान्‌पिढ्या झालेले. त्यामुळे सामाईक जनुकांचे प्रमाण वाढते आणि दूरचा नातेवाईक जवळचा भासतो. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी एक-अष्टमांश, हा पाश्चात्त्य आडाखा येथे जपूनच वापरावा लागतो. आई किंवा वडिलांचा प्रत्यक्ष नमुना असेल, तर हा घोळ उरत नाही.

डीएनए तंत्रज्ञान विधेयकात बेपत्ता व्यक्तींसाठी स्वतंत्र सूची योजलेली होती. खासगीपणाच्या रास्त शंका होत्याच. २०२३ मध्ये विधेयक मागे घेतले गेले. संपूर्ण देशाची जनुकपेढी मलाही नको आहे. परंतु मूल हरविल्याची तक्रार देणाऱ्या आईबापांचा नमुना, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या हयातीत, जपून ठेवण्यास काय हरकत आहे? गालाच्या आतून फिरविलेला कापसाचा एक बोळा पुरतो, आणि त्यासाठी कोणत्याही परदेशी न्यायालयाची अनुमती लागत नाही.