जासूद ते क्लाउड : निरोप पाठवण्याचा खर्च आणि निरोप जपण्याचा खर्च

१/ २६ ऑगस्ट २०२४ पासून 'स्लॅक' या संदेशसेवेने आपल्या फुकट खात्यांवरील एक वर्षाहून जुने संदेश आणि फाइली कायमच्या पुसण्यास प्रारंभ केला. जगभरच्या प्रोग्रामर मंडळींचे कामकाजाचे बोलणे या सेवेवर चालते. बातमी तंत्रज्ञानाच्या पानावर आली आणि तिथेच राहिली. वास्तविक ती दफ्तरखान्याची बातमी होती. म्हणून हा धागा.

२/ आरंभ इचलकरंजीपासून करू. संताजी घोरपड्यांच्या पदरी असलेल्या नारो महादेव जोशी यांनी धन्याचे आडनाव घेतले आणि हे घराणे घोरपडे झाले. त्यांचा मुलगा व्यंकटराव याला बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई दिली. पेशव्यांशी सोयरीक जुळली आणि पुण्याशी पत्रव्यवहारही वाढला.

३/ त्या काळी पत्र पाठवणे ही खर्चाची गोष्ट होती. जासूद बहुधा जोडीने निघत. त्यांचा रोजमुरा, वाटेतले नदीउतार, शत्रूच्या चौक्या, हे सारे हिशोबात धरावे लागे. मजकूर महत्त्वाचा असेल तर त्याच पत्राची दुसरी प्रत वेगळ्या वाटेने रवाना होई. पत्र पोचले की मात्र खर्च संपला. कागद रुमालात बांधायचा आणि फडताळात टाकायचा. वाळवी आणि ओल यांच्याखेरीज त्याला वर्षानुवर्षे काही लागत नसे.

४/ हे कागद टिकले म्हणून वासुदेवशास्त्री खरे यांना काम करता आले. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला आणि इचलकरंजी संस्थानाचा इतिहासही लिहिला. पुण्यात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. मुळात कुणी 'हे आता कशाला ठेवायचे?' असे म्हणून रुमाल बंबात घातले असते, तर या दोघांच्याही हाती काही लागले नसते.

५/ आता एकदम मुंबई. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एनसीएसटी आणि स्वतः तो विभाग, अशा आठ संस्था त्यात होत्या. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल सुरू झाली. पुढे एनसीएसटीतून अमेरिकेशी जोड झाली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट.

६/ या आकड्याचा अर्थ पाहा. ९,६०० बिट म्हणजे १,२०० अक्षरे. आज आपण सहज पाठवतो ते एक एमबीचे छायाचित्र त्या तारेवरून जायला जवळजवळ १४ मिनिटे लागली असती, आणि तेवढा वेळ इतर कुणाचे काही गेले नसते. त्यामुळे त्या काळच्या अशा जाळ्यांची रीत टपालासारखीच होती : निरोप यंत्रावर साठवायचे, गठ्ठा करायचा, फोन लागला की एकदम पुढे ढकलायचे. जासुदाची अर्थव्यवस्था अजून चालूच होती. महाग होते ते पाठवणेच.

७/ पण एक नवी अडचण डोकावू लागली होती. 'यूजनेट' या सार्वजनिक चर्चेच्या जाळ्यावर प्रत्येक यंत्राकडे सगळ्या चर्चांची प्रत येई आणि डिस्क भरून जाई. उपाय सरळ होता : ठरावीक मुदतीनंतर जुने लेख पुसणे. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणकाचे काम पाहणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांनी मात्र पुसण्याआधी ते चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. १९८१ ते १९९१ या दशकाच्या १४१ फिती, सुमारे २० लाख संदेश. २००१ मध्ये ते गूगलने लोकांसाठी खुले केले. माझ्या लेखी स्पेन्सर हे संगणकयुगाचे दफ्तरदार आहेत.

८/ १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची पद्धत निर्माण केली. तिने हा प्रश्न मुळातच सोडवला, सर्व्हर काही जपतच नसे. ऑगस्ट १९९१ मधील मॉस्कोच्या उठावाच्या वेळचे तेथील संभाषण आज वाचता येते, कारण ऐकणाऱ्यांपैकी काहींनी ते आपल्या यंत्रावर उतरवून ठेवले.

९/ यापुढचे समजण्यासाठी पुन्हा इचलकरंजीत यावे लागेल. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्याला आश्रय होता. पुढे गावात 'खर्ची'ची रीत रुजली. व्यापारी सूत देतो, खर्चीवाला ते आपल्या मागावर विणतो, मजुरी पिकाच्या हिशोबाने ठरते, म्हणजे कापडाच्या इंचात आडवे धागे किती, त्यावर. कापड व्यापाऱ्याचे, माग खर्चीवाल्याचा.

१०/ क्लाउड म्हणजे हीच खर्ची. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि गणनशक्ती भाड्याने देणे सुरू केले. स्लॅकसारखी कंपनी संदेश घेऊन येते, यंत्रे दुसऱ्याची. वापराल तितके मोजा. फरक सत्तेचा आहे. इचलकरंजीत माग थांबला की नुकसान मागवाल्याचे, दर मात्र पुष्कळदा व्यापाऱ्याच्या तोंडचा. क्लाउडमध्ये दर यंत्रवाला ठरवतो आणि हजारो गिऱ्हाइके असल्यामुळे एकाचे यंत्र रिकामे झाले की तेच दुसऱ्याच्या कामी लावतो. आपल्या खर्चीवाल्याला हे सुख कधीच लाभले नाही.

११/ दुसरा फरक अधिक खोल आहे. कापड विणून झाले की व्यापारी ते घेऊन जातो, हिशोब मिटतो. संदेश मात्र मागावरच राहतो. पाठवायला त्याला जवळपास काही लागत नाही. परंतु तो जागा अडवतो, त्याच्या सुरक्षेसाठी एकाहून अधिक प्रती ठेवाव्या लागतात, शोधता यावा म्हणून सूची लागते. भाडे दरमहा चढत राहते. जासुदाच्या काळचे गणित येथे नेमके उलटे झाले.

१२/ 'डिस्कॉर्ड' या सेवेची उदाहरणे बोलकी आहेत. २०१७ मध्ये तिचे अब्जावधी संदेश १२ यंत्रांवर मावत होते. २०२२ च्या आरंभी यंत्रे १७७ झाली आणि संदेशांची गणना लाख कोटींत गेली. मांडणी कशी, तर प्रत्येक चर्चेचे दहा-दहा दिवसांचे गठ्ठे. मोडी कागदांचे रुमाल पाहिलेल्या माणसाला यात परके वाटावे असे काही नाही. एखाद्या गजबजलेल्या चर्चेतला एकच संदेश हजारो जण एकाच वेळी मागू लागले की त्या गठ्ठ्याचे यंत्र गुदमरे. मग त्यांनी मध्ये एक कारकून बसवला म्हणा ना : एकाच कागदासाठी आलेल्या सगळ्या मागण्या एकत्र करायच्या, दफ्तरात एकदाच जायचे, उत्तर सर्वांना वाटायचे.

१३/ ज्यांना हा खर्च पेलायचा नाही त्यांच्यासाठी कात्री. स्लॅकवर फुकट खात्यांना पूर्वी शेवटचे १०,००० संदेश दिसत. सप्टेंबर २०२२ पासून ९० दिवसांचे दिसू लागले. जुने दडवले होते, पुसले नव्हते. २०२४ मध्ये पुसणेही आले. गंमत म्हणजे 'स्लॅक' ही आद्याक्षरे ज्या शब्दांची, त्यांचा अर्थ 'सर्व संभाषण व ज्ञान यांची शोधता येणारी नोंदवही' असा होतो. पैसे भरणाऱ्यांसाठी तो आजही खरा आहे. म्हणजे मोठ्या कंपन्यांचे दफ्तर उरेल, आणि महाविद्यालयातील प्रकल्पगट, छोटी मंडळे, वर्गणीवर चालणारे मुक्त सॉफ्टवेअरचे उपक्रम यांचे जाईल. संस्थानिकांचे कागद मुबलक, रयतेचे तुरळक, ही आपल्या अभ्यासातली जुनीच तक्रार आहे. निदान तेव्हा रयतेने लिहिलेच कमी होते. आता लिहिलेले जाते आहे.

१४/ या धाग्याच्या वाचकांत असे गट चालवणारे पुष्कळ असतील. स्लॅकवर खात्याच्या मालकाला सार्वजनिक चर्चा उतरवून घेता येतात. फुकट खात्यावर खाजगी चर्चा त्यात येत नाहीत, आणि पुसले गेलेले तर नाहीच नाही. उतरवलेल्या गाठोड्यात प्रत्येक चर्चेचे एक फोल्डर असते आणि त्यात प्रत्येक दिवसाची एक फाइल, रोजकीर्दीसारखी.