पाकिटावरच्या आकड्यांचा इतिहास

१/८ २६ जून १९७४. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय शहरी एका दुकानात च्युइंग गमचे पाकीट यंत्रासमोरून सरकले आणि बारकोड वाचून विक्री होण्यास आरंभ झाला. यंत्राने वस्तू ओळखली, किंमत सांगितली. आत काय आहे, हे कोणत्याही ग्राहकाला त्याच रेघांवरून कळण्यास मात्र अडतीस वर्षे जावी लागली. 🧵

२/८ अन्नघटकांच्या नोंदींची परंपरा बारकोडहून बरीच जुनी. १८९६ मध्ये विल्बर ॲटवॉटर आणि चार्ल्स वुड्स यांनी अमेरिकी अन्नपदार्थांची दोन हजारांहून अधिक पृथक्करणे तक्त्यांत मांडली.

३/८ भारतात हे काम निलगिरीतील कुन्नूर येथे झाले. वॉलेस ॲक्रॉइड यांची पुस्तिका १९३७ साली निघाली. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिच्या २०१७ च्या तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत.

४/८ या तक्त्यांमागे एक गृहीतक होते: नाचणी ही नाचणीच राहते. कारखान्यातील बिस्किटाचे तसे नसते. नाव तेच, वेष्टन तेच. साखर आणि मीठ मात्र उत्पादक ठरवील तितके.

५/८ अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून पाकिटावर पोषणमूल्ये छापणे बंधनकारक केले. १९९४ पासून ते अमलात आले. आकडे दिसू लागले, पण प्रत्येक पाकिटावर सुटेसुटे. शंभर पाकिटांची तुलना करायची, तर शंभर पाकिटे हाती घ्यावी लागत.

६/८ २०१२ मध्ये फ्रान्समधील संगणक अभियंता स्तेफान जिगांदे यांनी ‘ओपन फूड फॅक्ट्स’ सुरू केले. सामान्य ग्राहकांनी बारकोड टिपायचा, वेष्टनाची छायाचित्रे द्यायची, आकडे भरायचे. हा साठा सर्वांना खुला. आज त्यात लाखो उत्पादने आहेत.

७/८ खुलेपणाचे मोल २०१७ नंतर कळले. फ्रान्सने ‘न्यूट्री-स्कोअर’ ही ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी स्वीकारली. ती छापणे मात्र ऐच्छिक ठेवले. उत्पादकाने श्रेणी छापली नाही, तरी साठ्यातील आकड्यांवरून ग्राहकाला ती फोनवर पाहता येऊ लागली.

८/८ मर्यादाही स्पष्ट आहे. मूळ आकडा उत्पादकाचाच. तो चुकला तर नोंदही चुकते. तरीही जुनी छायाचित्रे आणि प्रत्येक दुरुस्ती तारखेसह जपली जाते. एखाद्या पदार्थातील साखर केव्हा वाढली, याचा पुरावा पूर्वी कचऱ्यात जात असे. आता तो दप्तरी राहतो.